अंगणातील वन्यजीवांचा स्नेही : एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन

पोंभुर्णा परिसरात वन्यजीव म्हटले की वाघच डोळ्यांसमोर येतो. मोहफुले वेचायला गेलेले माणूस परतेपर्यंत घरच्यांच्या जिवाला घोर असतो. त्या भीतीची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु त्याच अंगणात कावळा, पाल, बेडूक आणि वाळवीही नांदते. त्यांच्याकडे आयुष्यभर हसतमुखाने पाहणाऱ्या एका ख्रिस्ती गृहस्थाचा परिचय आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

एडवर्ड ऐटकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यात झाला. वडील स्कॉटिश मिशनरी, अर्थात प्रॉटेस्टंट. मुंबई व पुणे येथे शिक्षण घेऊन त्यांनी डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकविले. सेमिनरीत लॅटिनने आम्हांला घाम फोडला असल्याने आम्हांला याचे विशेष कौतुक!

१८७६ साली ते मीठ व जकात खात्यात रुजू झाले. खाराघोड्याच्या रखरखीत मिठागरांवर करमणूक ती कोणती असणार? मग बंगल्यातील रहिवाशांकडेच त्यांचे लक्ष गेले. त्या काळी सरहद्दीवरील लढाऊ टोळ्यांची इंग्रजांना धास्ती असे. ऐटकेन यांनी आपला बंगला हीच सरहद्द मानली आणि उंदीर, वटवाघळे, कोळी, मुंग्या, कावळे या टोळ्यांशी चाललेल्या लढायांचा वृत्तान्त लिहिला. १८८३ मधील या पुस्तकात हसू आहे, पण त्यामागे तासन्तास केलेले अचूक निरीक्षणही आहे. त्याच वर्षी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत तेही होते. १९०० साली मुंबईच्या नित्य परिचयाच्या पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १८८९ च्या पुस्तकात त्यांनी हाच विनोद घरच्या नोकरांवर केला. तो आज वाचताना आम्हांला खटकतो. पालीवर हसणे निराळे आणि आपल्या आचाऱ्यावर हसणे निराळे.

१९०२ साली गोव्याच्या हद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाची चौकशी करण्यासाठी सरकारने त्यांनाच पाठविले. हिवताप म्हणजे काय, हे आपल्या जंगलपट्टीतील कुटुंबांना सांगावयास नको. ज्या डासाची त्यांनी पूर्वी टर उडविली होती, त्याचा शोध आता गांभीर्याने घ्यावा लागला. तेथे त्यांना ॲनाफिलीस डासाची एक नवी जात सापडली व तिला ऐटकेन यांचेच नाव देण्यात आले. हिवताप पसरविणाऱ्या प्रमुख डासांत ती गणली जात नाही, हे त्यांचे भाग्यच. कराचीतील सेवेनंतर १९०६ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९०९ मध्ये एडिंबरो येथे निवर्तले.