गोपुरीचा हिशेब

मेलेल्या गुरालाही बाजारात किंमत असते. कातडे, हाडे, शिंगे, चरबी यांना गिऱ्हाईक मिळते, मांसाचे खत होते, हाडांच्या चुऱ्यातून पिकाला स्फुरद मिळते. असे असूनही हे धन उचलून नेण्याचे काम आपल्या समाजाने एका जातीच्या माथी मारले आणि त्याचा मोबदला म्हणून तिला विटाळ दिला. ज्या श्रमाला नकार देण्याची मुभाच नाही, त्याचे मोल कधी ठरतच नाही. हा साधा अर्थव्यवहार ओळखून ज्यांनी स्वतः हाती सुरी घेतली अशा सवर्णांची संख्या फार थोडी. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्यांत अग्रभागी होते. महाराष्ट्र त्यांना अप्पासाहेब म्हणून आणि कोकण ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखतो.

4 नोव्हेंबर 1894 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे येथे, चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बुद्धी तल्लख होती. उच्च शिक्षण झाले, काही काळ अध्यापनही झाले. त्या काळच्या कोकणी ब्राह्मण तरुणापुढे जी वाट आखलेली असे ती वकिलीची, सरकारी नोकरीची वा प्राध्यापकीची. अप्पासाहेबांना तीवर चालणे कठीण नव्हते. परंतु गांधीजींच्या सहवासाने ती वाट सुटली. गांधीजींच्या आत्मकथेचा ‘सत्याचे प्रयोग’ हा मराठी अनुवाद त्यांचाच. केवळ या अनुवादावरही त्यांना साहित्यात मानाने राहता आले असते.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते तुरुंगात. कायदेभंगाच्या चळवळीत ते रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी संडास सफाईचे काम मागितले. तुरुंगातही ते काम जातीने वाटलेले होते. सवर्ण कैद्याला ते देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. अप्पासाहेबांनी अन्न तोडले. ही वार्ता येरवड्यास पोहोचली आणि डिसेंबर 1932 मध्ये गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभिला. मैला उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून दोन माणसे दोन तुरुंगांत उपाशी राहतात, हे ब्रिटिश अंमलदारांना चमत्कारिक वाटले असेल तर त्यात नवल नाही. शिक्षा म्हणून जे दिले जाते ते या माणसाने हक्क म्हणून मागितले होते.

येथवरची कथा त्यागाची आहे, आणि त्यागाच्या कथा आपल्याकडे विपुल आहेत. अप्पासाहेबांचे वेगळेपण असे की ते त्यागापाशी थांबले नाहीत. सफाई हे व्रत मानले की चार दिवस झाडू हाती घेऊन समाधान मिळते. ज्याला ते रोज करावे लागते त्याच्या पदरात मात्र काहीच पडत नाही. घाण वाटते ते काम घाणीवाचून करता यावे, त्यातून माल निघावा आणि त्या मालाने करणाऱ्याचे पोट भरावे, हा त्यांचा रोख होता. आजच्या भाषेत याला सामाजिक उद्योग म्हणतात. 1948 साली कणकवलीनजीक उभ्या राहिलेल्या गोपुरीत त्यांनी तो उद्योग मांडला.

स्थळ समजून घेतल्याखेरीज या उद्योगाचे मर्म कळत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात जुन्या मालगुजारी तलावांचा गाळ धानाच्या बांधीत घालता येतो. दक्षिण कोकणात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि जांभ्याच्या उतारावरील कस समुद्राकडे नेतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची, म्हणजे राब करण्याची, तिथली जुनी चाल. तीत झाडांच्या फांद्या, पाला आणि शेणही जळून जाते. खताचा असा दुष्काळ असलेल्या प्रदेशात मैला ओढ्याकाठी कुजत होता आणि मेलेली गुरे गिधाडांच्या स्वाधीन होत होती.

गोपुरीत मेलेले जनावर सोलले जाई, कातडे कमावले जाई, हाडामांसाचे खत होई. शेणापासून गॅस काढून उरलेला रबडा शेतात घालण्याच्या प्रयोगांतही अप्पासाहेबांनी लक्ष घातले. सर्वांत दूरवर गेला तो त्यांचा संडास. जमिनीच्या वर बांधलेले कप्पे, प्रत्येक वापरानंतर माती वा पाल्याचा थर, एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा. काही महिन्यांनी पहिल्यातून निघते ते दुर्गंधी नसलेले सोनखत. पाणी जवळजवळ लागत नाही आणि ताज्या मैल्याला कोणाचा हात लागत नाही. ‘गोपुरी संडास’ या नावाने ही रचना स्वच्छतेच्या तांत्रिक वाङ्मयात नोंदली गेली आहे. 2014 नंतर सरकारने दोन शोषखड्ड्यांच्या ज्या शौचालयाचा पुरस्कार केला, त्याचेही सूत्र आळीपाळीचेच आहे. फक्त ते पाणी मागते.

मात्र गोपुरीचा हिशेब इतक्यावर संपत नाही. 1927 साली महाडहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांना मृत मांस सोडण्याचा आदेश दिला, आणि पुढे महारांनी मेलेली गुरे ओढण्याचेही नाकारले. त्यामुळे त्यांचेच नुकसान होते, असा युक्तिवाद वृत्तपत्रांतून झाला. 1956 साली नागपूरच्या धर्मांतर सोहळ्यातील भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला: नफा इतका दिसत असेल तर तो युक्तिवाद करणाऱ्यांनीच घ्यावा, वर पैसे आपण देऊ. हे उत्तर अर्थशास्त्राच्या कसोटीवरही बिनतोड आहे. धंदा खरोखर किफायतशीर असेल तर तो करण्यास इतर जाती का धावत नाहीत, या प्रश्नाला बहुतेकांपाशी जबाब नव्हता. अप्पासाहेबांपाशी होता, कारण बाबासाहेबांनी हे आव्हान देण्याच्या कितीतरी आधीपासून ते स्वतः जनावरे सोलत होते. त्यापायी स्वजातीयांचा रोषही त्यांनी पत्करला.

तथापि एकट्याच्या उदाहरणाने बाजार बदलत नाही, हेही मान्य केले पाहिजे. गोपुरीत विटाळ गेला. गोपुरीबाहेर तो राहिला. सवर्ण तरुण कातडे कमावण्यास शिकण्यासाठी मोठ्या संख्येने आले नाहीत, आणि ज्यांनी ते काम एकदा सोडले त्यांनी पुन्हा धरावे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. व्याज म्हणजे श्रमावाचून मिळणारे उत्पन्न, म्हणून ते त्याज्य, असेही अप्पासाहेबांचे मत होते. तत्त्व म्हणून ते विचारार्ह असले तरी भांडवल ओढून आणून उद्योग गावोगाव पसरविण्याच्या दृष्टीने ते अडचणीचेच ठरणारे. गोपुरी आदर्श झाली, साखळी झाली नाही.

10 मार्च 1971 रोजी अप्पासाहेब निवर्तले. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध संसदेने 1993 मध्ये एक आणि 2013 मध्ये दुसरा कायदा केला. तरी गटारात उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात मारहाण झाली. त्यानंतर तेथील अनेक गावांतील दलितांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले, आणि सुरेंद्रनगरात ती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीपुढे आणून टाकली.