कॉलिन चॅपमन

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन (१९ मे १९२८ – १६ डिसेंबर १९८२) हे इंग्लिश अभियंते, मोटार-रचनाकार आणि लोटस या वेगवान मोटारी तयार करणाऱ्या कंपनीचे संस्थापक होते. एका जुन्या मोटारीत हौसेने फेरफार करण्यापासून सुरुवात करून त्यांनी फॉर्म्युला वन शर्यतींतील एक अग्रगण्य संघ उभारला. त्यांच्या हयातीत टीम लोटसने ७ वेळा उत्पादकांचे, तर लोटसच्या चालकांनी ६ वेळा चालकांचे जागतिक विजेतेपद मिळविले. मोटारीचे वजन शक्य तितके कमी ठेवणे हे त्यांच्या रचनांचे मुख्य सूत्र होते. या सूत्राने मोटारनिर्मितीला नवी दिशा दिली. त्याच सूत्रापायी त्यांच्या मोटारी नाजूक असतात, हा आक्षेपही त्यांच्यावर अखेरपर्यंत घेतला गेला.

प्रारंभिक जीवन

चॅपमन यांचा जन्म लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचे हॉटेल चालवीत. चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात असताना ते विमान चालवण्यास शिकले. विमानाच्या बांधणीत प्रत्येक भागाचे वजन तोलून ठरवावे लागते. हीच दृष्टी पुढे त्यांच्या मोटारींत उतरलेली दिसते. शिक्षणानंतर त्यांनी काही काळ हवाई दलात आणि नंतर ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी केली.

विद्यार्थिदशेत ते एका मित्रासह जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी मोटारींना शिध्यावर मिळणारे पेट्रोल बंद केले आणि जुन्या मोटारींचे भाव कोसळले. व्यवसाय गुंडाळावा लागला. एक ऑस्टिन सेव्हन मोटार मात्र विकली न जाता शिल्लक राहिली. चॅपमन यांनी मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागील गॅरेजमध्ये तिचा जुना सांगाडा मजबूत केला आणि त्यावर धातूचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची हलकी बॉडी चढवली. १९४८ मध्ये तयार झालेली ही मोटार पुढे लोटस मार्क १ म्हणून ओळखली गेली. चॅपमन आणि हेझल यांचा विवाह १९५४ मध्ये झाला. त्यांना दोन मुली व एक मुलगा अशी तीन अपत्ये झाली.

लोटसची स्थापना

त्या काळी इंग्लंडमध्ये ऑस्टिन सेव्हनच्या छोट्या इंजिनावर चालणाऱ्या हौशी मोटारींच्या शर्यती लोकप्रिय होत्या. १९५१ मध्ये चॅपमन यांनी मार्क ३ ही मोटार या शर्यतींत उतरवली. मूळ इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून हवा व इंधन आत घेण्याचा एकच मार्ग होता. चॅपमन यांनी तो आतून विभागून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. मोटारीला स्पर्धकच उरला नाही आणि ही युक्ती पुढे नियमाने बंद करण्यात आली. नियमांतील मोकळी जागा शोधायची, तिचा लाभ घ्यायचा आणि मग नियमच बदलला जायचा, हा क्रम त्यांच्या आयुष्यात पुढेही अनेकदा घडला.

१९५२ मध्ये हेझलने उसने दिलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. वडिलांच्या हॉटेलमागील जुना तबेला हा तिचा पहिला कारखाना होता. मार्क ६ आणि १९५७ पासूनची लोटस सेव्हन या मोटारी सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकल्या जात. सुट्या भागांवर पूर्ण मोटारीइतका खरेदी कर पडत नसल्याने बेताच्या उत्पन्नाचा हौशी माणूस घरच्या घरी वेगवान मोटार जुळवू शकत असे. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि त्या रचनेच्या मोटारींची निर्मिती तेथे पुढे चालू राहिली. फायबरग्लासच्या एकसंध बांधणीची एलिट (१९५७) आणि मधोमध पोलादी कणा असलेली इलॅन (१९६२) या लोटसच्या गाजलेल्या रस्त्यावरील मोटारी होत. १९६६ मध्ये कंपनीचा कारखाना नॉरफोक परगण्यातील हेथेल येथील जुन्या विमानतळावर हलवण्यात आला.

रचनेची तत्त्वे व फॉर्म्युला वन

अधिक शक्तीचे इंजिन बसवल्यास मोटार सरळ रस्त्यावर वेगाने धावते. वजन कमी केल्यास ती वेग लवकर घेते, लवकर थांबते आणि वळणही चपळाईने घेते. चॅपमन यांनी या दुसऱ्या मार्गावर भर दिला. एकाच भागाकडून दोन-तीन कामे करून घेणे ही त्यांची आवडती पद्धत होती.

टीम लोटसने १९५८ मध्ये मोनॅको येथे फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. १९६२ मधील लोटस २५ मध्ये नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची पेटीसारखी एकसंध बांधणी, म्हणजेच मोनोकॉक, वापरण्यात आली. ही बांधणी वजनाने हलकी आणि तरीही अधिक ताठ होती. स्कॉटिश चालक जिम क्लार्क यांनी १९६३ आणि १९६५ मध्ये लोटससाठी जागतिक विजेतेपद मिळविले. १९६५ मध्ये त्यांनी अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही जिंकली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थ कंपनीचे इंजिन हाच मोटारीच्या मागच्या भागाचा सांगाडा होता. तिने झांडवोर्ट येथील पहिलीच शर्यत जिंकली. विजयाच्या क्षणी धावपट्टीलगत येऊन डोक्यावरची टोपी हवेत उडवणारे चॅपमन हे त्या काळातील शर्यतींचे परिचित दृश्य होते.

अपघात आणि आक्षेप

प्रत्येक यंत्रभाग अपेक्षित ताणापेक्षा काहीसा अधिक मजबूत ठेवणे हा अभियांत्रिकीचा सर्वसाधारण संकेत आहे. वजन घटवताना ही राखीव ताकदच प्रथम कमी होते. त्याची किंमत लोटसच्या चालकांना मोजावी लागली. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि ते गंभीर जखमी झाले. त्याच सरावात माइक टेलर यांच्या लोटसच्या स्टिअरिंगचा दांडा तुटला. टेलर यांनी नंतर कंपनीविरुद्ध दावा लावून भरपाई मिळविली.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टू शर्यतीत जिम क्लार्क यांचा मृत्यू झाला. मागच्या टायरमधील हवा गेल्याने मोटार झाडांवर आदळली, असे सामान्यतः मानले जाते. क्लार्क हे चॅपमन यांचे निकटचे मित्र होते आणि या आघाताने ते खचले.

त्याच वर्षी शर्यतीच्या मोटारींवर उंच पंख बसू लागले. विमानाचा पंख उलटा बसवल्यास हवा मोटारीला खाली दाबते आणि टायरांची पकड वाढते. लोटसचे पंख बारीक दांड्यांवर उभे असून त्यांचा भार थेट चाकांच्या आधारांवर येई. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातील मॉन्टजुइक येथे ग्रॅहॅम हिल यांच्या मोटारीचा पंख उंचवट्यावर मोडला. काही फेऱ्यांनंतर त्याच ठिकाणी योखेन रिंट यांचाही पंख मोडला आणि त्यांची मोटार हिल यांच्या मोडक्या मोटारीवर जाऊन आदळली. पुढच्याच मोनॅको शर्यतीच्या सरावादरम्यान उंच पंखांवर बंदी आली. रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून मोटारीच्या मजबुतीविषयी स्पष्ट शब्दांत चिंता कळवली होती.

५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मॉन्झा येथे सरावात रिंट यांच्या लोटस ७२ चे पंख काढून ठेवण्यात आले होते. लांब सरळ पट्ट्यांवर अधिक वेग मिळावा हा त्यामागील हेतू होता. संघातील दुसरे चालक जॉन माइल्स यांना मात्र पंखांविना मोटार सरळ ठेवणे अवघड गेले होते. वळणापूर्वी ब्रेक लावताना रिंट यांची मोटार बाजूच्या कठड्यावर आदळली. मोटारीला आग लागल्यास अडकून पडण्याच्या भीतीने रिंट पायांमधील पट्टा बांधत नसत. धडकेसरशी ते पुढे घसरले आणि उरलेल्या पट्ट्याने त्यांच्या गळ्याला प्राणघातक जखम झाली. पुढच्या चाकाच्या ब्रेकचा दांडा तुटल्याने अपघात घडला आणि सदोष बसवलेल्या कठड्यामुळे तो प्राणघातक ठरला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. इटलीत चॅपमन यांच्यावर खटला चालला व त्यांची निर्दोष मुक्तता झाली. रिंट त्या वर्षीचे मरणोत्तर जगज्जेते ठरले. त्यांच्यापूर्वी वा नंतर फॉर्म्युला वनमध्ये कोणालाही हा मान असा मिळालेला नाही.

त्या काळातील धावपट्ट्या असुरक्षित होत्या आणि इतर संघांचे चालकही शर्यतींत प्राण गमावत होते, ही बाब चॅपमन यांचे मूल्यमापन करताना ध्यानात घ्यावी लागते.

उत्तरकाळ

एमर्सन फिटिपाल्डी यांनी १९७२ मध्ये लोटस ७२ चालवून विजेतेपद मिळविले. त्यानंतर चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या तळालाच उलट्या पंखाचा आकार दिला. अशा लोटस ७९ मधून मारियो आंद्रेत्ती १९७८ चे जगज्जेते झाले. त्याच वर्षी मॉन्झा येथील शर्यतीच्या प्रारंभी झालेल्या अपघातात जुनी लोटस ७८ चालवणारे रॉनी पेटरसन जबर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. तळाची ही रचना सर्वच संघांनी उचलली. परंतु ती एकाएकी निकामी झाल्यास मोटार बेकाबू होत असल्याने १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा करण्यात आला. दुहेरी चासीची लोटस ८८ तर १९८१ मध्ये शर्यतीत उतरण्यापूर्वीच नियमबाह्य ठरली.

डीलोरियन मोटारीच्या विकसनाचे काम लोटसकडे होते. त्या प्रकल्पाला ब्रिटिश सरकारने दिलेल्या पैशांपैकी मोठ्या रकमेचा अपहार झाल्याचे पुढे उघड झाले. १९९२ मध्ये लोटसचे वित्तप्रमुख फ्रेड बुशेल यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान १० वर्षांची शिक्षा झाली असती, असे मत न्यायाधीशांनी व्यक्त केले.

निधन व वारसा

१६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५४ व्या वर्षी चॅपमन यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात एलिओ डी ॲन्जेलिस यांनी मिळवलेला विजय हा त्यांच्या हयातीतील लोटसचा शेवटचा फॉर्म्युला वन विजय ठरला. टीम लोटस १९९४ च्या हंगामापर्यंत शर्यतींत राहिली. लोटसच्या रस्त्यावरील मोटारींची निर्मिती त्यानंतरही हेथेल येथे चालू राहिली.

मोनोकॉक बांधणी, पंख आणि हवेच्या दाबाचा उपयोग या गोष्टी आज शर्यतीच्या मोटारींत सार्वत्रिक झाल्या आहेत. त्यांच्या जोडीला आता धडक-चाचण्याही सक्तीच्या आहेत. हे नियम घडण्यामागे ज्या दुर्घटना आहेत, त्यांपैकी काही चॅपमन यांच्याच मोटारींत घडल्या. त्यामुळे वेगवान मोटारींच्या इतिहासात त्यांच्या कल्पकतेबरोबरच तिने ओलांडलेल्या मर्यादांचाही अभ्यास केला जातो.