पत्रांतून शिक्षक घडविणारा शिक्षक : पाउलो फ्रेअरी

ब्राझीलच्या ईशान्येकडील रेसिफे या बंदराच्या शहरी १९ सप्टेंबर १९२१ रोजी पाउलो फ्रेअरी यांचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय होते. परंतु जागतिक मंदीने ते खचले. कुटुंबाला बिऱ्हाड हलवावे लागले आणि पाउलो तेरा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. उपाशी मुलाच्या मनात धडा शिरत नाही, हे त्यांनी वर्गात बसून स्वतः अनुभवले.

कायद्याची पदवी मिळवूनही ते वकिलीत रमले नाहीत. १९४४ मध्ये त्यांचा विवाह एल्झा या प्राथमिक शिक्षिकेशी झाला आणि शिक्षण हेच त्यांचे जीवितकार्य ठरले. कामगारांत वावरताना त्यांना उमगले की, प्रौढ माणसाला लहान मुलांचे अंकलिपीचे पुस्तक देणे हा त्याच्या अनुभवाचा अवमान आहे.

त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मताधिकार नव्हता. म्हणजे अक्षर आणि नागरिकत्व ही एकाच कुलपाची दोन दारे होती. १९६३ मध्ये आंजिकोस या गावी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना अवघ्या चाळीस तासांत वाचन-लेखन शिकविण्याचा प्रयोग फ्रेअरी यांनी हाती घेतला. वर्ग चालविणारे बहुतांश विद्यापीठातील तरुण विद्यार्थी होते. प्रथम त्यांनी लोकांच्या नित्य बोलण्यातील शब्द गोळा करावयाचे. त्यांतून मोजके निवडून चित्रांसह मंडळापुढे ठेवावयाचे. चर्चा झाल्यावर शब्दाची अक्षरे सुटी करून नवे शब्द जुळवावयाचे, असा क्रम होता. ‘वीट’ या अर्थाच्या शब्दापासून आरंभ झाला, की वीट रचणाऱ्या हातांना आपले ज्ञान शब्दांत उतरलेले दिसे. हे तंत्र शिकविणे सोपे होते. व्याख्यान देण्याची सवय सोडून समोरच्याचे ऐकून घेण्यास शिक्षकाला तयार करणे, हाच प्रशिक्षणातील अवघड भाग असल्याचे फ्रेअरी यांना आढळले.

समारोपास राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्त स्वतः उपस्थित होते. देशभर अशी हजारो मंडळे उभारण्याची योजना आखली गेली. पण १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. फ्रेअरी यांना सत्तर दिवसांहून अधिक कारावास घडला आणि पुढे सुमारे सोळा वर्षांचा विजनवास. चिलीतील वास्तव्यात त्यांनी ‘पीडितांचे अध्यापनशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला.

१९७० पासून ते जिनिव्हात राहू लागले. पोर्तुगीज सत्तेच्या जोखडातून नुकत्याच सुटलेल्या पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशाने प्रौढ साक्षरतेसाठी त्यांचे साहाय्य मागितले. १९७५ च्या आरंभापासून त्यांनी तेथील शिक्षणमंत्री मारियो काब्राल व साक्षरता-कार्यकर्ते यांना पत्रे लिहिली. अधूनमधून प्रत्यक्ष भेटीही दिल्या. ब्राझीलमधील पद्धत जशीच्या तशी उचलू नका, आपल्या शेतीतून व श्रमातून धडे घडवा, शिकविताना शिकत राहा, हा त्या पत्रांचा आशय होता. हजारो मैलांवरील कार्यकर्त्यांना तयार उत्तरे न धाडता ते प्रश्न धाडीत, आणि आलेल्या वृत्तान्तावरून पुढील विचार मांडीत. ही पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

तरीही मोहिमेला अपेक्षित यश लाभले नाही. शिकविण्याची भाषा पोर्तुगीज होती आणि बहुसंख्य जनतेच्या दैनंदिन व्यवहारात तिला स्थान नव्हते. लोकांच्या शब्दांपासून आरंभ करणारी पद्धत लोकांना परक्या असलेल्या भाषेत रुजली नाही. भाषेचा हा अडसर फ्रेअरी यांनी पुढे स्पष्टपणे मांडला. आपल्या कार्याची चिकित्सा करण्यास ते कधी कचरले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण त्यातही आहे.

१९८० मध्ये ते मायदेशी परतले. १९८९ ते १९९१ या काळात साव पावलो महानगराचे शिक्षणप्रमुख म्हणून त्यांनी प्रौढ साक्षरतेची चळवळ उभी केली. २ मे १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये ब्राझीलने कायद्याने त्यांना राष्ट्राच्या शिक्षणाचे अधिष्ठाते म्हणून गौरविले.

पुण्यात १८५५ मध्ये जोतीराव व सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविली, त्या परंपरेत वाढलेल्या आपणांस हे चरित्र परके वाटू नये. आपल्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आजही अंगठा उमटविणारे वडीलधारे असतील. सुटीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांच्याजवळ बसावे, आधी त्यांचे शब्द ऐकावेत आणि मगच पाटी पुढे करावी.