वळणाचा इशारा देणारी नायिका

जुन्या मोटारींच्या शौकिनांना वळणदर्शक दिव्यांचा फ्लॅशर बदलण्याचे काम नवे नाही. मूळ फ्लॅशरमधील धातूची पट्टी विजेने तापून वाकते आणि प्रवाह तुटतो; ती थंड होताच प्रवाह पुन्हा जुळतो. कमी वीज घेणारे एलईडी दिवे लावल्यास पट्टी पुरेशी तापत नाही, दिव्याची उघडझाप बिघडते आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा लागतो. या इशाऱ्याच्या आरंभीच्या इतिहासात मात्र एक अभिनेत्री आहे.

फ्लॉरेन्स लॉरेन्स यांचा जन्म २ जानेवारी १८८६ रोजी कॅनडातील हॅमिल्टन येथे झाला. मूकपटांच्या आरंभी कलावंतांची नावे जाहीर होत नसत. लॉरेन्सही प्रेक्षकांना केवळ 'बायोग्राफ गर्ल' म्हणूनच ठाऊक होत्या. १९१० मध्ये निर्माते कार्ल लॅमल यांनी त्यांचे नाव प्रसिद्धीस आणले आणि त्या अमेरिकी चित्रसृष्टीतील पहिल्या तारकांपैकी एक ठरल्या.

मोटार स्वतः हाकणाऱ्या लॉरेन्स यांनी १९१४ च्या सुमारास वळणदर्शक भुजा तयार केली. बटण दाबताच गाडीच्या मागे निशाण वर येई. ब्रेक लावल्यावर थांबण्याची सूचना देणारी पाटीही त्यांनी योजली. पेटंट मात्र घेतले नाही, त्यामुळे श्रेय आणि पैसा दोन्ही हुकले.

पुढे चित्रपटांतील कामेही आटली. १९३९ च्या ब्यूक मोटारींत लुकलुकणारे दिशादर्शक अवतरले, त्याच सुमारास, २८ डिसेंबर १९३८ रोजी, त्यांनी आपली जीवनयात्रा संपवली. हॉलिवूडमधील त्यांच्या थडग्यावर नाव कोरले जाण्यास १९९१ साल उजाडावे लागले.