पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि निश्चयी गृहस्थ होते. स्त्रियांनी संस्कृत शिकणे त्या काळी समाजाला मान्य नव्हते. तरीही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना ती विद्या दिली आणि आईने ती रमाबाईंना दिली. कुटुंब तीर्थाटन करीत, पुराणे सांगत फिरत असे. दुष्काळात आईवडिलांचे छत्र हरपले. पुढे भावासह पायी भटकत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. दोनच वर्षांत त्यांना वैधव्य आले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ साली त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती धर्मभगिनींकडे त्या राहत होत्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले सेवाकार्य पाहण्यास पाठवले. समाजाने पतिता ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. अशा स्त्रियांसाठी धर्मशास्त्रांत कठोर दंड सांगितलेला रमाबाईंनी वाचला होता. येथे मात्र त्यांना माया दिसली. ज्या स्त्रियांना बदलायचे होते, त्यांना येथे आधार मिळत होता. इतकेच नव्हे, तर बदललेल्या स्त्रिया स्वतः इतरांची सेवा करीत होत्या. या दयेचे मूळ कशात आहे, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली. त्या कथेचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

या निर्णयाची किंमत त्यांना मोजावी लागली. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यात आले. सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले. रमाबाईंनी काम मात्र थांबवले नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आजचे भिलाई शहर ज्या छत्तीसगड भागात आहे, तो भाग त्या वेळी याच प्रांतात होता. बालपणी स्वतः उपासमार सोसलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, गोपालन, छपाई अशी कामे तेथे स्त्रिया शिकल्या.

याच परिसरात रमाबाईंनी ‘कृपासदन’ उभारले. ज्या स्त्रियांना घरचे दार बंद झाले होते, त्यांना या सदनाचे दार उघडे होते. लंडनमध्ये पाहिलेली दया त्यांनी अशा रीतीने आपल्या मातीत रुजवली. मात्र केवळ अन्न आणि निवारा देऊन माणूस नव्याने उभा राहत नाही, हे त्या जाणून होत्या. म्हणूनच केडगावला शिक्षण आणि श्रम यांना मोठे स्थान होते. स्वतःच्या हातांनी कमावलेली भाकरी माणसाला गेलेला आत्मविश्वास परत देते.

मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात रमाबाईंची अखेरची अनेक वर्षे गेली. १९२१ साली मनोरमाबाईंचे निधन झाले. ते दुःख सोसून रमाबाई काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

चुकलेल्याला शिक्षा देणे सोपे असते. त्याच्या बदलण्याच्या इच्छेवर विश्वास ठेवणे अवघड असते. रमाबाईंनी आयुष्यभर हे अवघड काम केले. केडगावची संस्था आजही निराधारांना आश्रय देत आहे.