अमेलियाची राहून गेलेली अॅडमिशन

अमेलिया इअरहार्ट हे नाव तुम्ही ऐकलं असेल, तर बहुतेक एखाद्या ‘न उलगडलेलं गूढ’ टाइप व्हिडिओमध्ये. पॅसिफिक महासागर, गायब झालेलं विमान, कुठल्या तरी बेटावर सापडलेली हाडं आणि मागे भीतीदायक म्युझिक. मीही हे व्हिडिओ रात्री जागून बघितलेत, खोटं कशाला बोलू! पण तिचं आयुष्य नीट वाचायला घेतलं आणि मी अडकले ती एका भलत्याच जागी. तिच्या फीच्या भानगडीत.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या अॅचिसन गावचा. आजोळ पैसेवालं. वडील वकील, रेल्वे कंपनीत नोकरीला. पण त्यांना दारूचं व्यसन लागलं, नोकरी गेली आणि मग हे गाव, ते गाव असं बिऱ्हाड हलत राहिलं. शिकागोत आल्यावर घराजवळच्या शाळेची केमिस्ट्री लॅब हिला पसंत पडली नाही, म्हणून तिने चांगली लॅब असलेली दुसरी शाळा शोधली. आपण कॅन्टीन बघून कॉलेज ठरवतो, ते सोडा. याच काळात ती एक वही करत होती. पेपरमध्ये कुठल्या बाईबद्दल काही छापून आलं, म्हणजे कोणी वकील झाली, कोणी मेकॅनिकल इंजिनीअर, कोणी सिनेमा दिग्दर्शित केला, की कात्रण काप आणि चिकटव. आपण आज इन्स्टावर रील सेव्ह करतो तसंच साधारण.

पहिल्या महायुद्धात टोरांटोमध्ये जखमी सैनिक बघितले आणि ही शिक्षण सोडून तिथल्या लष्करी हॉस्पिटलात नर्सच्या हाताखाली कामाला लागली. मग १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या वाटेने अॅडमिशन. ते वर्षभरात सुटलं, कारण आईवडील कॅलिफोर्नियात होते आणि हिला तिकडे जावं लागलं.

तिथे २८ डिसेंबर १९२० ला ती वडिलांबरोबर एका एअरफिल्डवर गेली. दहा डॉलर भरून दहा मिनिटांची विमानफेरी. जमिनीवरून दोन-तीनशे फूट वर गेल्यावरच तिचं ठरलं, की आपण हे शिकायचं.

ठरलं खरं, पण पैसे? वडिलांकडून मिळणार नव्हते. शिकायला साधारण हजार डॉलर लागणार होते आणि ते तिने स्वतः उभे केले. फोटोग्राफी केली, ट्रक चालवला, टेलिफोन कंपनीत स्टेनोग्राफर म्हणून बसली. एअरफिल्डवर जायचं तर बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत आणि पुढे काही मैल पायी. शिकवणारीही बाईच होती, नेटा स्नूक. सहाएक महिन्यांत अमेलियाने सेकंडहँड पिवळंधमक विमान घेतलं आणि नाव ठेवलं ‘कॅनरी’. १९२२ मध्ये ते १४ हजार फुटांवर नेऊन बायकांमधला उंचीचा विक्रम केला. १९२३ मध्ये आंतरराष्ट्रीय लायसन्सही हातात आलं.

इथून पुढे सिनेमात म्युझिक वाढतं. प्रत्यक्षात पैसे संपले. आजीकडून आईला वारशात जी रक्कम मिळाली होती, ती जिप्समच्या खाणीच्या एका धंद्यात घातली होती. खाण बुडाली. मग विमान विकलं. १९२४ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला. ‘कॅनरी’ गेलं, पण पिवळीच एक मोटार आली, आणि त्या मोटारीत आईला बसवून हिने कॅलिफोर्नियाहून पार बॉस्टनपर्यंत ड्राइव्ह केलं. पुन्हा कोलंबियात काही महिने शिकली आणि पुन्हा सोडलं. एमआयटीला जायचा बेत होता. तोही बारगळला, कारण आईला फी आणि बाकीचा खर्च झेपणार नव्हता.

तिच्या चरित्रात या भागाला जेमतेम दोन ओळी मिळतात. सगळ्यांना समुद्र ओलांडायची घाई. पण तुम्हीच सांगा, आपल्या वर्गातल्या किती मुली अशा एका ओळीत संपल्यात? ‘घरची परिस्थिती नव्हती’, फुलस्टॉप. भावाची फी आधी भरली गेली, हे त्या ओळीत कधी लिहिलेलं नसतं. अमेलियाला तर भाऊही नव्हता, दोघी बहिणीच. तरी राहिलंच.

मग तिने बॉस्टनच्या डेनिसन हाउसमध्ये समाजसेविकेची नोकरी धरली. परदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना शिकवायचं आणि सवड मिळेल तेव्हा विमान उडवायचं. १९२८ च्या एप्रिलमध्ये तिथे फोन आला : अटलांटिक विमानाने ओलांडणारी पहिली बाई व्हायचंय का? जूनमध्ये ती गेली, २० तास ४० मिनिटांत वेल्सला पोचली आणि रातोरात जगप्रसिद्ध झाली. विमान मात्र दोन पुरुषांनी चालवलं होतं. ही नुसती बसून होती आणि आपण निव्वळ सामान होतो, हे तिने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. पायलट आणि मेकॅनिकचं मानधन ठरलेलं होतं, हिचं नव्हतं. मला तिच्या बाबतीत सगळ्यात आवडतं ते हे, की तिला ही गोष्ट चार वर्षं सलत राहिली. मे १९३२ मध्ये ती एकटी निघाली. वाटेत पंखांवर बर्फ साचलं, उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं आणि साधारण १५ तासांनी ती आयर्लंडमधल्या एका कुरणात, गाईंच्या शेजारी उतरली.

तोवर तिला पैशाचं गणित पाठ झालं होतं. व्याख्यानांचे दौरे, पुस्तकं, तिच्या नावाच्या बॅगा, तिने डिझाइन केलेले कपडे. आज असती तर इन्फ्लुएन्सर म्हणून आपण नाकं मुरडली असती. पण तो पैसा पुढच्या उड्डाणांत जायचा. आणि रेकॉर्डच्या नादात एक गोष्ट विसरली जाते : प्रवासी वाहतूक हासुद्धा तिचा धंदा होता. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन या मार्गावर तासातासाला विमान सोडणाऱ्या एअरलाइनच्या उभारणीत ती होती. लोकांनी, विशेषतः बायकांनी, न घाबरता विमानात बसावं म्हणून ती गावोगाव बोलत फिरली. १९२९ मध्ये बायका पायलटांची ‘नाइन्टी-नाइन्स’ ही संघटना उभी राहिली (सुरुवातीच्या सभासद ९९, म्हणून हे नाव), तिची पहिली अध्यक्षही हीच.

१९३५ मध्ये इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीने तिला बोलावलं. काम काय, तर मुलींना करिअरबद्दल सल्ला द्यायचा. पदवी न घेतलेली बाई युनिव्हर्सिटीत समुपदेशक! ती वर्षातले काही आठवडे मुलींच्या होस्टेलवरच राहायची. तेव्हा मुलींना सरसकट गृहविज्ञानाकडे वळवलं जाई. ही त्यांना इंजिनीअरिंगकडे बघा म्हणायची. तिच्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानासाठी पैसा उभा केला तोही पर्ड्यूच्या संशोधन प्रतिष्ठानने. एमआयटीची फी जिला जमली नव्हती, तिला दहाएक वर्षांनी दुसरी युनिव्हर्सिटी विमान घेऊन देत होती.

त्याच विमानाने ती जून १९३७ मध्ये नॅव्हिगेटर फ्रेड नूननबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. तांबड्या समुद्राकाठच्या असाबहून थेट कराची. सिंध मुंबई प्रांतातून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तिथे ती उंटावर बसली. मग कोलकात्याचा डमडम विमानतळ, ऐन पावसात. चिखल झालेल्या धावपट्टीवरून जड विमान कसंबसं उचललं. रंगून, सिंगापूर, डार्विन करत न्यू गिनीतल्या ले गावी पोचली, तेव्हा २२ हजार मैल झाले होते, सातेक हजार उरले होते. २ जुलैला ती हाउलंड बेटाकडे निघाली. हे बेट दोन-अडीच किलोमीटर लांबीचं, आणि ते अडीच हजार मैलांवरून शोधायचं. बेटाजवळच्या जहाजाला तिचा रेडिओ ऐकू येत होता, त्यांचं बोलणं तिला कळत नव्हतं. त्यानंतर काही नाही. चाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता.

कोर्टाने तिला मृत जाहीर केलं जानेवारी १९३९ मध्ये. त्याच्या आधीच, १९३८ मध्ये, ती जिची सभासद होती त्या ‘झोंटा’ या महिला संघटनेने तिच्या नावाने फेलोशिप सुरू केली होती. म्हणजे कायद्याने ती जिवंत असतानाच तिच्या नावाने दुसऱ्या मुलींच्या शिक्षणाला पैसे मिळायची सोय झाली. एरोस्पेस इंजिनीअरिंग किंवा अवकाश विज्ञानात पीएचडी करणाऱ्या कुठल्याही देशाच्या मुलीला ती मिळू शकते. रक्कम १० हजार डॉलर, आणि आजवर हजाराहून जास्त जणींना मिळाली आहे. नाइन्टी-नाइन्सचीही तिच्या नावाची स्कॉलरशिप आहे, १९४१ पासूनची, विमान चालवायचं प्रशिक्षण घेणाऱ्या सभासद बायकांसाठी.

आणि तुमचं मन आकाशापेक्षा जमिनीवर, म्हणजे मेट्रो, बसमार्ग, रस्ते, शहर नियोजन यात असेल आणि एमएससाठी अमेरिका डोक्यात असेल, तर ‘डब्ल्यूटीएस’ हे नाव लिहून ठेवा. १९७७ मध्ये वॉशिंग्टनला सुरू झालेली वाहतूक क्षेत्रातल्या बायकांची ही संघटना. तिच्या शहरोशहरीच्या शाखा या विषयांतल्या मुलींना स्कॉलरशिप देतात. त्यामुळे ज्या शहरात अॅडमिशन मिळेल, तिथली शाखा आधी शोधा. अर्जाची मुदत दरवर्षी बघून घ्या, आणि शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना आदल्या रात्री मेसेज टाकू नका. ते चिडतात, अनुभव आहे.