धावणाऱ्याचे हृदय: जिम फिक्स यांची गोष्ट

रोज पंधरा-सोळा किलोमीटर धावणारा माणूस धावतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला, ही बातमी जुलै १९८४ मध्ये अमेरिकेत पसरली तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. तो माणूस साधासुधा धावपटू नव्हता. लाखो अमेरिकनांना बूट घालून रस्त्यावर उतरवणारे पुस्तक त्यानेच लिहिले होते. त्याचे नाव जेम्स फिक्स. सारे जग त्यांना जिम फिक्स म्हणून ओळखत होते. वय अवघे ५२.

आता या घटनेला चाळीस वर्षे उलटून गेली. तरीही एखाद्या मॅरेथॉनमध्ये कुणी कोसळले की फिक्स यांचे नाव निघते. कधी धावण्याच्या विरोधातला पुरावा म्हणून, तर कधी नुसती टिंगल म्हणून. त्यांच्या आयुष्याकडे नीट पाहिले, तर मात्र त्यातून वेगळेच काही हाती लागते.

फिक्स यांचा जन्म २३ एप्रिल १९३२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील कॅल्व्हिन फिक्स 'टाइम' साप्ताहिकात संपादक होते. कामाचा ताण मोठा, रात्री-अपरात्रीच्या पाळ्या. वयाच्या ३५व्या वर्षी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते वाचले, पण प्रकृती पूर्वीसारखी झाली नाही आणि ४३व्या वर्षी ते गेले. जिम तेव्हा शाळकरी वयाचे होते. वडिलांच्या आयुष्यातले हे दोन आकडे, ३५ आणि ४३, पुढे मुलाच्या मनात घर करून राहिले.

मुलानेही वडिलांचीच वाट धरली. ओहायोतील ओबर्लिन कॉलेजातून १९५७ मध्ये पदवी घेऊन ते मासिकांच्या संपादनाकडे वळले. बुद्धी तल्लख होती. कोडी घालणे हा त्यांचा छंद होता आणि बुद्धिमान वाचकांसाठी लिहिलेली त्यांची कोड्यांची पुस्तके चांगली खपली. पण शरीराकडे लक्ष नव्हते. टेबलावरचे काम, जेवणावळी, रोज सिगारेटची दोन पाकिटे. पस्तिशीला पोहोचेपर्यंत वजन शंभर किलोंच्या आसपास गेले होते. वडिलांना पहिला झटका ज्या वयात आला, त्याच वयात मुलगा त्याच रस्त्यावर उभा होता.

धावणे सुरू झाले ते मात्र योगायोगाने. टेनिस खेळताना पोटरीचा स्नायू दुखावला. पायाला बळकटी यावी म्हणून १९६७ मध्ये त्यांनी हळूहळू धावायला सुरुवात केली. सुरुवातीला थोड्याच अंतरात दम लागायचा. पण पाय बरा झाल्यावरही धावणे सुटले नाही. सिगारेट सुटली, पुढच्या काही वर्षांत वजन सुमारे २७ किलोंनी उतरले. बोस्टन मॅरेथॉनच्या आरंभरेषेवर उभे राहण्याइतके ते तयार झाले. कनेक्टिकट राज्यातील रिव्हरसाइड या आपल्या गावी रोज दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर धावणे हा त्यांचा नेम झाला.

हा काळही त्यांना अनुकूल होता. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध तेव्हा नव्याने उलगडत होता. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा सतत जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असे त्यात दिसले. अमेरिकी हवाई दलात डॉक्टर असलेल्या केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये 'एरोबिक्स' हे पुस्तक लिहून तो शब्द घराघरांत नेला. म्युनिक ऑलिंपिकमध्ये १९७२ साली फ्रँक शॉर्टर या अमेरिकी धावपटूने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले आणि तरुणांचे लक्ष रस्त्यावरच्या शर्यतींकडे वळले.

नेमक्या याच लाटेवर १९७७ मध्ये फिक्स यांचे धावण्यावरचे मोठे पुस्तक आले. लाल मुखपृष्ठावर धावणारे दोन पिळदार पाय होते, आणि ते खुद्द लेखकाचेच होते. धावायचे कसे, बूट कोणते घ्यायचे, खायचे काय, म्हातारपणी धावावे का, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी एखाद्या मित्राने सांगावीत तशी दिली होती. पुस्तक अनेक आठवडे खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. फिक्स श्रीमंत झाले, दूरचित्रवाणीवर झळकले. सकाळी रस्त्यावर धावणारा मध्यमवयीन माणूस पूर्वी विक्षिप्त वाटायचा. तो आता रोजच्या दृश्याचा भाग झाला.

या उत्साहात एक धोकादायक समजही रुजला होता. मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचून अडथळे होतच नाहीत, असा सिद्धान्त थॉमस बासलर या अमेरिकी डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात मांडला होता. धावणाऱ्यांना तो अर्थातच आवडला. पण दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मॅरेथॉन धावपटूंच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात रक्तवाहिन्यांतले अडथळे स्पष्ट दिसत होते. म्हणजे फिक्स यांच्या मृत्यूच्या पाच वर्षे आधीच तो समज खोटा ठरला होता. तरीही लोकांच्या मनातून तो गेला नव्हता.

फिक्स यांना वडिलांचा इतिहास पाठ होता. ते ४३ वर्षांचे झाले आणि ती वेळ टळली. पन्नाशीही ओलांडली. शरीर सडपातळ, नाडी संथ, रोजचे सोळा किलोमीटर चालूच. पण खासगी आयुष्यात ताण होते, दुसरा संसारही मोडला होता. मृत्यूच्या काही महिने आधी ते डॅलसला कूपर यांच्या संस्थेत गेले होते. कूपर यांनी त्यांना ट्रेडमिलवर धावताना ईसीजी काढण्याची, म्हणजेच ज्याला आपण स्ट्रेस टेस्ट म्हणतो ती चाचणी करून घ्यायला सुचवले. फिक्स यांनी ती टाळली. शेवटच्या काही आठवड्यांत धावताना घशाशी आणि छातीत आवळल्यासारखे होत असल्याची तक्रारही त्यांनी जवळच्यांकडे केली होती. पण डॉक्टरकडे जाणे राहून गेले.

सुटीसाठी ते व्हरमाँट राज्यात गेले होते. २० जुलै १९८४ रोजी हार्डविक या छोट्या गावी नेहमीप्रमाणे धावायला बाहेर पडले आणि परत आलेच नाहीत. गावाजवळच्या रस्त्याच्या कडेला ते निष्प्राण अवस्थेत सापडले.

शवविच्छेदनात जे दिसले ते बोलके होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही प्रमुख रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. त्यांतली एक तर जवळजवळ पूर्ण बंद होती. हृदयाच्या स्नायूवर आधीच्या इजेचे व्रणही होते. म्हणजे हृदयाला पूर्वीही फटका बसला होता आणि तो कळला नव्हता, किंवा कळूनही त्याकडे दुर्लक्ष झाले होते.

मग इतके आजारी हृदय घेऊन ते रोज सोळा किलोमीटर धावत कसे होते? याचे उत्तर दमदारपणा आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य यांतल्या फरकात आहे. नियमित धावण्याने हृदयाचा स्नायू बळकट होतो. एका ठोक्यात तो जास्त रक्त ढकलतो, त्यामुळे नाडी संथ पडते. पायांचे स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरतात. दम टिकतो. पण या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते आणि ते ज्या नळ्यांतून येते त्या वेगळ्या. विहिरीवरची मोटर कितीही ताकदीची असली, तरी तिला वीज पुरवणारी वायर जळत आली असेल तर मोटर कधी बंद पडेल सांगता येत नाही. तसेच हे आहे. उलट सराव झालेले शरीर कमी रक्तावरही बरेच काम निभावून नेते, त्यामुळे दुखणे उशिरा लक्षात येते. बसून असणारा माणूस जिना चढताना थांबतो, धावणारा मात्र वेग किंचित कमी करून पुढे जातो.

फिक्स यांच्या रक्तवाहिन्यांत हा गाळ किती वर्षे साचत होता? अशी चरबी विशीपासूनच साचायला लागू शकते. त्यात वडिलांकडून आलेली प्रवृत्ती, दोन पाकिटे सिगारेट आणि जास्तीचे वजन यांची भर पडली होती. धावण्याने पुढचे नुकसान बरेच थांबवले असेल, पण आधी झालेले पुसले नाही. ते धावले नसते तर ५२ वर्षे जगले असते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. एका माणसापुरते त्याचे उत्तर कुणीच खात्रीने देऊ शकत नाही. पण वडिलांपेक्षा नऊ वर्षे ते जास्त जगले आणि ती वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली नाहीत, एवढे खरे.

योगायोग असा, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील सिएटल परिसरातला एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दमवणारा व्यायाम चालू असताना हृदय अचानक बंद पडण्याचा धोका तात्पुरता वाढतो, हे त्यात दिसले. नेहमी व्यायाम करणाऱ्या पुरुषांत तो त्या वेळेपुरता पाचपट, तर क्वचितच व्यायाम करणाऱ्यांत तब्बल ५६ पट होता. पण दिवसाचे चोवीस तास धरले, तर नियमित व्यायाम करणाऱ्यांचा एकूण धोका बसून राहणाऱ्यांच्या तुलनेत ४० टक्केच भरला. पुढे २०००-२०१० या काळात अमेरिकेतील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींची पाहणी झाली. त्यात ५९ जणांचे हृदय बंद पडले होते, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. थोडक्यात, धावणे सोडून खुर्चीत बसणे हा फिक्स यांच्या मृत्यूतून घ्यायचा धडा नव्हे. सहा महिने काही न करता एकदम शर्यतीत उतरणे मात्र खरोखर धोक्याचे.

फिक्स यांच्या वेळी उपचारांची साधनेही आजच्याइतकी नव्हती. बायपास शस्त्रक्रिया होत होती. अँजिओप्लास्टीला अवघी सात वर्षे झाली होती. झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी रुग्णाच्या हृदयावर ती पहिल्यांदा केली ते वर्षही १९७७, फिक्स यांचे पुस्तक आले तेच. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली औषधे अजून बाजारात यायची होती. पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८७ मध्ये. आज त्यांच्यासारखा कौटुंबिक इतिहास घेऊन कुणी डॉक्टरकडे गेला, तर झटका टाळण्याचे बरेच मार्ग हाताशी आहेत. मात्र त्यासाठी आधी डॉक्टरकडे जावे लागते.

महाराष्ट्रात ही गोष्ट आता परकी राहिलेली नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर राज्यात गावोगावी शर्यती निघाल्या. चाळिशीत पहिल्यांदा बूट घेणारे कितीतरी जण आज पहाटे रस्त्यावर दिसतात. त्यात आपल्याकडची एक अडचण लक्षात घ्यायला हवी. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी वयाच्या ५३व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर देशांतील लोकांत हे वय जवळपास ५९ होते.

म्हणून पस्तिशी-चाळिशीनंतर धावायला सुरुवात करणाऱ्याने बुटांच्या खरेदीआधी डॉक्टरांची भेट घ्यावी. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासावे. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते आवर्जून सांगावे. स्ट्रेस टेस्टची गरज आहे का, हे डॉक्टर ठरवतील. ती चाचणी सर्व काही सांगत नाही. ती चांगली आली म्हणून पुढचा झटका अशक्य ठरत नाही, कारण छोटा अडथळाही अचानक फुटून त्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते. त्यामुळे चाचणीइतकेच महत्त्व शरीराच्या खुणांना आहे.

धावताना छातीत, घशात, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत दाब जाणवणे आणि थांबल्यावर तो जाणे, नेहमीच्याच वेगाला अचानक जास्त दम लागणे, चक्कर येणे, कारण नसताना थकवा वाटणे. यांतले काही झाले तर त्या दिवशी पळणे थांबवावे आणि तपासून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. त्रास थांबल्यावरही राहिला तर स्वतः गाडी चालवत न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि आई-वडील, काका-मामा यांना हृदयाचा त्रास झाला होता का आणि कितव्या वर्षी, हे घरात विचारून एका कागदावर लिहून ठेवावे. पुढच्या तपासणीला जाताना तो कागद सोबत न्यावा.